नागफणीवरून बोरघाट

कुरवंडे गाव मागे पडलं की वाट मोकळ्या माळावर येते. पावसाळा नुकताच सरलाय, सोनकीनं सगळा उतार पिवळा केलाय. आम्ही बावीस जण. सगळ्यात लहान नऊ वर्षांची मुलगी, सगळ्यात मोठे रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका. शेवटच्या चढाला दोघंही सगळ्यांच्या पुढे.

कड्याचा आकार नागाच्या फणीसारखा, म्हणून नागफणी. इंग्रजांना त्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक दिसलं.

माथ्यावर महादेवाला नमस्कार करायचा, कड्यापासून चार हात मागे बसायचं आणि खाली बघायचं. खोपोलीच्या अंगाला वीजघर आहे. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी जाड नळांतून सुमारे ५०० मीटर खाली उतरतं आणि त्यावर १९१५ पासून वीज तयार होते. मुंबईच्या गिरण्या या विजेवर चालल्या. त्याच्या अलीकडे द्रुतगती मार्ग. पण आम्ही आलोय ते समोरच्या डोंगराच्या पोटातून जाणाऱ्या रुळांसाठी.

"गाडीला मागून इंजिन कशाला हो आजोबा?" मुलगी रेल्वेवाल्या काकांना विचारते.

"चढ आहे ना बाळा. ३७ फूट पुढं गेलं की १ फूट वर. कर्जतला मागे बँकर जोडतात, तो ढकलतो. आणि उतरताना मंकी हिल, ठाकूरवाडी, जांब्रुंग, प्रत्येक ठिकाणी थांबून ब्रेक बघायचे. घाटात घाई चालत नाही."

बोरघाटातल्या या रेल्वेमार्गाचं काम सुरू झालं जानेवारी १८५६ मध्ये. २५ बोगदे, तेही पहार, छिन्नी आणि सुरुंगाच्या दारूवर. आमच्या पायाखाली आहे तोच हा काळा पाषाण. हात फिरवून बघा, नख लागत नाही. कड्याला उभं राहायलाही जागा नव्हती, तिथे माणसं दोरानं खाली सोडली आणि लोंबकळत त्यांनी सुरुंगाची भोकं पाडली. बायका-पोरं घमेली वाहत होती. १८६१ च्या सुमारास या घाटात एका वेळी ४० हजारांहून जास्त माणसं राबत होती.

मजुरी थकली म्हणून १८५९ च्या जानेवारीत मजूर उठले, दंगल झाली. पुढे कंत्राट सॉलोमन ट्रेडवेलनं घेतलं. तो इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिनं काम हातात घेऊन तडीस नेलं. तिचं नाव इतिहासात आहे, असायलाच हवं. मुख्य अभियंता बर्कलीचंही आहे.

मजुरांची नावं नाहीत. पटकीनं गेले, तापानं गेले, दरडीखाली गेले. अभ्यासकांचा अंदाज सुमारे २५ हजारांचा आहे. कोणत्या गावचे, कुणाच्या घरचे? लोणावळ्याला उतरताना आपण चिक्की घेतो. या माणसांची आठवण आपल्याला कुणी कधी करून दिली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२१ एप्रिल १८६३ ला घाट गाडीसाठी खुला झाला. तेव्हा वळणाला जागा नव्हती. गाडी मधल्या स्टेशनात थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट्या दिशेनं वर चढे. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि ते स्टेशन सुटलं.

"आली!" काका उठून उभे राहतात.

आधी शिट्टी, मग बोगद्याच्या तोंडातून इंजिन. मुलगी मोठ्यानं डबे मोजू लागते. मागचा बँकर उजेडात येतो, तेव्हा पुढचं इंजिन पुढच्या बोगद्यात शिरलेलं असतं.