मागाचा खडखडाट आणि कामगारांचे कान

श्रोतेहो, नमस्कार. इचलकरंजी, भिवंडी किंवा मालेगाव येथील यंत्रमागाच्या एखाद्या शेडमध्ये आपण गेलात, तर तिथले कामगार तोंडापेक्षा हातवाऱ्यांनीच अधिक बोलताना दिसतील. धोटा, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारा मागाचा भाग, मिनिटाला शंभराहून अधिक वेळा मागाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो, आणि असे कित्येक माग पत्र्याच्या छपराखाली शेजारी शेजारी चालले, की आवाज सहज 95 डेसिबलच्या पुढे जातो. नव्याने लागलेला मुलगा सुरुवातीला पाळी सुटल्यावर कानांत गुंईऽ आवाज येतो म्हणून तक्रार करतो. काही दिवसांनी मात्र तोच "आता सवय झाली" असे सांगू लागतो. या सवयीचीच मला धास्ती वाटते, कारण कानाला गोंगाटाची सवय होत नाही, ऐकण्याची शक्ती तेवढी कमी होते.

आपल्या प्रत्येक अंतर्कर्णात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे 15,000 केशपेशी असतात, आणि एकदा मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. पहिला घाला बहुधा 4,000 हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांवर पडतो. त्यामुळे माणसाला बोलणे ऐकू येते, पण स, श, त, फ असे वर्ण निसटल्याने शब्द उमगत नाही, आणि घरच्यांना वाटते, की यांचे लक्षच नसते. हे नुकसान औषधाने किंवा शस्त्रक्रियेने भरून निघत नाही.

कारखान्यांच्या नियमांनी 90 डेसिबलला आठ तासांची आणि 95 डेसिबलला चार तासांची मर्यादा घातली आहे. मागावरची पाळी मात्र अनेक ठिकाणी बारा तासांची असते, आणि कायद्याच्या कक्षेबाहेर राहण्यासाठी कामगारसंख्या कमी दाखवणाऱ्या शेडपर्यंत हे नियम फारसे पोचतही नाहीत. म्हणून मालकांना आग्रहाने सांगणे आहे, की कमी आवाजाचे बिनधोट्याचे माग आज परवडत नसले, तरी सैल झालेले नट-बोल्ट आवळणे, झिजलेले भाग वेळीच बदलणे आणि मागाखाली रबरी पट्ट्या बसवणे यांना फार खर्च येत नाही.

कामगारांनी कापसाच्या बोळ्यावर विसंबू नये. फोमचा इअरप्लग बोटांनी वळून बारीक करावा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर व मागे ओढावा, प्लग आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. पाळीचा निम्मा वेळ जरी तो काढून ठेवला, तरी मिळणारे संरक्षण जेमतेम तीन डेसिबलवर येते.

गोंगाटाने येणारा बहिरेपणा 1987 च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमातील सूचनीय, म्हणजे सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या, रोगांच्या यादीत आला, आणि राज्य कामगार विमा कायद्यानेही तो व्यवसायजन्य आजार मानला (2025 पासून या दोन्ही कायद्यांच्या जागी नव्या कामगार संहिता आल्या आहेत). भरपाई मागताना जुनी नोंद उपयोगी पडते. त्यासाठी कामाला लागतानाच आणि पुढे दरवर्षी श्रवणचाचणी करून घ्यावी, ती शक्यतो सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, पाळीवर जाण्यापूर्वी व्हावी आणि आलेखाची एक प्रत स्वतःच्या घरी ठेवावी.