आधी सायकल पालथी करा

(दृश्य : पुण्यातलं पेठेतलं सायकल दुरुस्तीचं दुकान. पालथी घातलेली सायकल, चिंधी धरलेला हात.)

सीट आणि हँडल जमिनीला टेकवून सायकल पालथी घातली आहे. पॅडलचा आस ज्या आडव्या नळीतून जातो, तिच्या पोटावर वंगण आणि मातीचा काळा थर साचलाय. डिझेलमध्ये भिजवलेली चिंधी त्यावरून एकदा फिरते, दोनदा फिरते. आधी एक अक्षर वर येतं, मग आकडे.

हा फ्रेम नंबर. कारखान्यातच तो धातूवर ठोकलेला असतो. बहुतेक सायकलींना तो इथेच सापडतो. काहींना सीटच्या उभ्या नळीवर, काहींना पुढे हँडलखाली. वर्षानुवर्षं सायकल चालवणाऱ्यानंही तो पाहिलेला असतोच असं नाही. पण जुनी सायकल मोबाइलवरून घ्यायला निघालेल्यानं पैशाचं बोलणं सुरू होण्याआधी हाच मागायचा.

(दृश्य : जुन्या सायकलच्या हँडलजवळचा बिल्ला.)

एकेकाळी पुण्यात सायकलला बिल्ला लागायचा. कर भरायचा, बिल्ला घ्यायचा आणि दिसेल असा सायकलला लावायचा. बिल्ला नाही, दिवा नाही किंवा डबलसीट बसलेत, एवढ्यावर पोलीस सायकल अडवत असत. त्या काळातल्या सायकली, दिवे आणि पंप आज कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात बघायला मिळतात. बिल्ला गेला, आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. स्कूटर विकली तर आरसी बुक नव्या मालकाच्या नावावर करावं लागतं. सायकलच्या मागे असा कुठलाच कागद येत नाही. तिची ओळख म्हणजे फक्त हा ठोकलेला नंबर, आणि कुणी जपून ठेवलं असेल तर दुकानाचं बिल.

(दृश्य : सोसायटीचं पार्किंग. धूळ बसलेल्या सायकलींची रांग.)

२०२० च्या टाळेबंदीत सायकलींना एकदम मागणी आली. जिम बंद होत्या, रस्ते मोकळे होते. गिअरच्या सायकलींसाठी दुकानांत नावं नोंदवून थांबावं लागत होतं. पुढे ऑफिसं सुरू झाली आणि त्यातल्या कितीतरी सायकली पार्किंगच्या कोपऱ्यात गेल्या. आज त्या ओएलएक्सवर, फेसबुकच्या मार्केटप्लेसवर आणि सायकलस्वारांच्या ग्रुपवर विकायला येतात. चांगल्या असतात, निम्म्या किमतीत मिळतात. त्याच गर्दीत काही जाहिराती अशाही असतात, ज्यांच्यामागे सायकलच नसते.

(दृश्य : मोबाइलचा पडदा. जाहिरात.)

ही जाहिरात पाहा. गिअरची हायब्रिड सायकल, दोनच महिने वापरलेली, बदली झाल्यामुळे तातडीने विकणे. नवीची किंमत पस्तीस हजारांच्या घरात, मागणी नऊ हजार. पहिली शंका किमतीवरच घ्यायची. दोन महिने वापरलेली चांगली सायकल पाव किमतीत द्यायची वेळ आली, तर माणूस आधी शेजाऱ्याला विचारेल, ऑफिसात विचारेल.

आता फोटो. दुकानातले काका चष्मा कपाळावर सरकवतात आणि मोबाइल डोळ्यांजवळ नेतात. बराच वेळ काही बोलत नाहीत. मग बोट ठेवतात ते चेनवर.

"ताई, चेन डाव्या बाजूला कशी?"

चेन उजवीकडे असते. हीरोची असो, ॲटलसची असो, नाहीतर लाख रुपयांची रेसिंग सायकल असो. चेन डावीकडे दिसते म्हणजे फोटो आरशातल्यासारखा उलटवलाय. उलटवलेला फोटो गूगल लेन्सवर टाकला की मूळ जागा सापडायला जड जाते, म्हणून ही युक्ती. आम्ही तो पुन्हा सुलटा केला आणि शोधला. परदेशातल्या एका विक्रीच्या पानावर तोच फोटो, तीच भिंत. भिंतीलगतच्या गाडीची नंबरप्लेट जाहिरातीत कापून टाकली होती.

(दृश्य : चॅटचे स्क्रीनशॉट. नावं झाकलेली.)

ही सायकल बघायला निघालेली मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. होस्टेलपासून कॉलेजपर्यंत तिला रोज जायचंय. तिनं सायकल बघायला येऊ का, असं विचारलं. उत्तर आलं : मी लष्करात आहे, पोस्टिंग जम्मूला झालंय, सायकल कँपात आहे, बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. पाठोपाठ ओळखपत्राचा फोटो, कँटीन कार्डाचा फोटो, गणवेशातला फोटो. सायकल लष्कराच्या गाडीतून घरपोच येईल, फक्त वाहतुकीचे पैसे आधी टाका.

हा प्रकार देशभर चालतो. सायकलीच्या जागी कधी स्कूटर असते, कधी फ्रिज, कधी सोफा. गणवेशातला माणूस खोटं बोलेल हे आपल्या मनाला पटत नाही, आणि भामटे त्या विश्वासालाच हात घालतात. ज्या जवानाचं ओळखपत्र असं फिरवलं जातं, त्याला बहुतेक वेळा याचा पत्ताही नसतो. साताऱ्या-कोल्हापुराकडे घराघरातून मुलं सैन्यात जातात. त्यांच्या नावावर ही लूट चालते, याचा राग यायलाच हवा.

मुलीनं काकांच्या सांगण्यावरून एवढंच लिहिलं : सायकल पालथी करून फ्रेम नंबरचा फोटो पाठवा, शेजारी चिठ्ठीवर आजची तारीख आणि माझं नाव लिहा.

ज्याच्याजवळ सायकल आहे, त्याला हे दोन मिनिटांचं काम. ज्याच्याजवळ फक्त दुसऱ्याचे फोटो आहेत, त्याला हे जमणारच नाही. समोरून उत्तर आलं, मॅडम, आधी टोकन टाका. मग आलं, अजून तीन जण मागतायत. मग पहाटेच्या ड्यूटीचं कारण. नंबर काही आला नाही. याचसाठी आम्ही पुन्हा पुन्हा त्या नळीकडे बोट दाखवतोय. नेटवरून उचललेल्या फोटोंत सायकल सगळ्या बाजूंनी दिसते, पोटाकडून सहसा दिसत नाही.

(दृश्य : क्यूआर कोड, त्यावर थांबलेला अंगठा.)

कुणी घाबरून व्यवहार मोडायला निघाला, तर भामट्यांकडे पुढचा डाव तयार असतो. तुमचं टोकन परत करतो, हा कोड स्कॅन करा. खात्री पटावी म्हणून आधी पाच रुपये खरंच पाठवतात. मग मोठ्या रकमेचा कोड येतो, आणि स्कॅन केल्यावर फोन पिन मागतो. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो. घ्यायला लागत नाही, कधीच लागत नाही. 'कलेक्ट रिक्वेस्ट' पाठवून पैसे ओढण्याची एका व्यक्तीकडून दुसऱ्याकडची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, पण क्यूआर कोड आहेतच.

(दृश्य : ग्रुपवरची बोली. सरकत जाणाऱ्या कॉमेंट.)

काही ग्रुपवर सायकलचा लिलावच होतो. रविवारी रात्री नऊपर्यंत बोली, शेवटची सर्वांत मोठी त्याची सायकल. पद्धत वाईट नाही. चांगल्या स्टीलच्या जुन्या फ्रेमला तिथे खरी किंमत कळणारी माणसं भेटतात. पण बोली चढवणारी नावं उघडून बघा. एखादं खातं त्याच आठवड्यात उघडलेलं असतं, प्रोफाइलला फोटो नसतो, आणि तुम्ही बोललात की दर वेळी दोनशे रुपये वर जाणारं तेच एक खातं असतं. ती बहुधा विकणाऱ्याचीच माणसं. तुम्हाला वर नेतात आणि अखेरीस गप्प होतात.

दुसरा प्रकार लिलाव संपल्यावरचा. तुम्ही हरता, आणि रात्री खासगी मेसेज येतो : जिंकलेल्यानं माघार घेतली, दुसऱ्या क्रमांकावर तुम्ही आहात, तुमच्या बोलीत देतो, ग्रुपवर नको, इथेच पैसे पाठवा. मेसेज करणाऱ्याचं नाव आणि फोटो विकणाऱ्याचेच असतात. खातं दुसरंच असतं. अशा वेळी ग्रुपवर, सगळ्यांसमोर विचारायचं. खरा विक्रेता तिथेच उत्तर देईल.

(दृश्य : दुकान. दुसरी सायकल. स्टिकरची कड उचलणारं नख.)

आणि सायकल खरोखर समोर आली तरी काम संपत नाही. ही सायकल एक शाळकरी मुलगा पंक्चर काढायला घेऊन आला. नामांकित कंपनीची, सत्तावीस गिअरची, म्हणून ऑनलाइन घेतलेली. काका मागच्या चाकाजवळ बसतात आणि दातेरी चकत्या मोजतात. सात. पुढे तीन. सात त्रिक एकवीस. दांड्यावरच्या कंपनीच्या नावाची कड नखानं उचलली जाते. बऱ्याच चांगल्या कंपन्यांचं नाव वरच्या चकाकीच्या थराखाली असतं, बोटाला कड लागत नाही. इथे अख्खं अक्षर सोलून निघालं आणि खाली दुसऱ्याच नावाच्या खुणा. मुलाचे पैसे परत मिळाले नाहीत.

(दृश्य : संध्याकाळ. कोथरूडहून आलेले एक गृहस्थ, निळी हायब्रिड सायकल.)

इंजिनिअरिंगच्या त्या मुलीला तिसऱ्या जाहिरातीत ही निळी सायकल सापडली. फ्रेम नंबरचा फोटो मागितल्यावर तासाभरात आला, चिठ्ठीसकट. दुकानात आणाल का म्हटल्यावर गृहस्थ हो म्हणाले.

आता काकांचे हात बघा. आधी सायकल पालथी, नंबर फोटोशी ताडून. आकड्यांच्या जागी घासल्याच्या रेघा किंवा तेवढ्यापुरता नवा रंग असता, तर काकांनी पुढे हातच लावला नसता. तशी सायकल चोरीची असू शकते, आणि चोरीचा माल आहे असं मानायला कारण असूनही अप्रामाणिकपणे तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. इथे नंबर स्वच्छ आहे.

मग सायकल सुलटी. काका बाजूला उभे राहतात, एक डोळा मिटतात आणि पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची रेघ हँडलच्या नळीशी जुळते का ते बघतात. समोरून धडकलेल्या सायकलचा चिमटा किंचित मागे गेलेला असतो. हँडलच्या नळीला खालचा तिरका दांडा जिथे जोडतात, तिथे खालून बोट फिरवतात. रंगाला सुरकुती लागली तर फ्रेमला मार बसलाय. सुरकुती नाही.

क्रँकचे, म्हणजे पॅडल ज्यांना जोडतात ते, दोन्ही दांडे हातात धरून आडवे हलवतात. बारीक टकटक ऐकू येते. "बीबी सैल आहे. बदलायला लागेल, पण फार खर्च नाही." बीबी म्हणजे पॅडलचा आस आणि त्याचं बेअरिंग. गृहस्थ मान हलवतात, वाद घालत नाहीत. पुढचं चाक उचलून फिरवलं जातं. ब्रेकचं रबर आणि रिम यांच्यातली फट एका जागी कमी होते आणि परत वाढते. "थोडी आउट आहे. तारा ओढल्या की सरळ येईल." रिमच्या कडेवर पट्टी आडवी धरतात. ब्रेकनं झिजलेली रिम मध्ये खोलगट होते, पट्टीखालून उजेड दिसतो. इथे उजेड दिसत नाही.

मग चेन. काका पट्टी चेनवर ठेवतात, एका पिनेच्या मध्यावर शून्य. नव्या चेनमध्ये बारा इंचांवर बरोबर आणखी एका पिनेचा मध्य येतो. इथे ती पिन इंचाचा आठवा हिस्सा पुढे सरकली आहे. एवढी ताणलेली चेन मागच्या चकत्याही खाते, त्यामुळे दोन्ही बदलायचं. शेवटी सीटचा बोल्ट सैल करून सीटचा दांडा वरखाली करून बघतात. पावसाळ्यानंतर पावसाळे तसाच राहिलेला दांडा नळीत गंजून अडकतो आणि मग उंची बदलताच येत नाही. हा फिरतो.

काका दुरुस्तीचा खर्च कागदावर मांडतात. तो कागद दोघांच्या मध्ये ठेवून किंमत ठरते. ही सगळी तपासणी अर्ध्या तासाची, आणि काका तिचे शंभर रुपये घेतात. गल्लोगल्ली असे हात आहेत. मोबाइलवर सौदा ठरला की त्यांच्याकडे जायची वाट कुणाला आठवत नाही.

(दृश्य : मदत क्रमांकाची पट्टी.)

पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

(दृश्य : दुकानाचं लाकडी टेबल. वहीचं पान, पेन.)

वहीच्या पानावर गृहस्थ लिहितात : तारीख, दोघांची नावं, सायकलची कंपनी, रंग, फ्रेम नंबर, रक्कम. खाली दोन सह्या. मूळ बिल घरच्या फाइलमध्ये आहे, त्याचा फोटो ते बायकोकडून मागवतात आणि मुलीच्या फोनवर टाकतात. बिलावर तोच नंबर आहे. आता मुलगी त्यांचा क्यूआर कोड स्कॅन करते, रक्कम घालते, पिन घालते.

सायकल आज दुकानातच राहते. बीबी, चेन आणि मागच्या चकत्या यायच्यात.

"गुरुवारी संध्याकाळी ये," काका म्हणतात, "आणि कुलूप घेऊन ये."