पुळणीवर लागलेला माल

ऑगस्ट २०२३. नारळी पौर्णिमा व्हायची होती, दर्याचा जोर ओसरला नव्हता. दापोली तालुक्यात कर्द्याच्या पुळणीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पाकिटं लागली. मग लाडघर, केळशी, कोळथरे, मुरूड, बुरोंडी, दाभोळ, आणि खाली गुहागरकडे बोऱ्या. कस्टम्सने गोळा केलेला माल अडीचशे किलोंच्या वर गेला. तो चरस होता.

चरस म्हणजे गांजाच्या मादी झाडाच्या फुलोऱ्यावरची राळ. पण ती सगळीकडे एकसारखी दिसत नाही. हिमाचलात मलाण्याकडे ओला फुलोरा हातांवर चोळून काढलेला चरस काळपट आणि मऊ, जुन्या चिंचेच्या गोळ्यासारखा. अफगाणिस्तानात वाळका फुलोरा चाळून भुकटी काढतात आणि दाबून वड्या पाडतात. वडी बाहेरून काळी, मोडली की आत हिरवट-तपकिरी. मोरोक्कोचा माल पिवळसर, लेबनॉनचा तांबूस. वडीवर कधी सोनेरी शिक्काही असतो, पण शिक्का काय, कुणीही मारावा.

‘जितका काळा तितका कडक’ हे नाक्यावर सर्रास ऐकू येतं. ते साफ खोटं आहे. हवा आणि उजेड लागून जुना झालेला चरसही काळा पडतो, आणि त्यातलं नशा आणणारं टीएचसी कमी होत सीबीएन हे खूपच सौम्य द्रव्य वाढतं. वर मेणाची, तेलाची भेसळ. डोळ्यांना यातलं काहीच कळत नाही.

कळतं ते प्रयोगशाळेत. सूक्ष्मदर्शकाखाली झाडाचे बाकदार केस दिसतात. चिमूटभर नमुन्यावर आधी अभिकर्मक (तपासणीचं रसायन), मग हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की जांभळा रंग चढतो; क्लोरोफॉर्म ओतलं की तोच जांभळा खालच्या थरात उतरतो. टीएचसी नेमकं किती, ते त्यानंतर यंत्र सांगतं.

कायदा मात्र दर्जा विचारत नाही, वजन विचारतो. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्यात एक किलोच्या वर गेलं की चरसाचं ‘व्यावसायिक प्रमाण’ धरतात. शिक्षा किमान दहा वर्षं, कमाल वीस. भेसळीचं वजनही मोजायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवलं. कर्द्याला लागलेलं एकेक पाकीट किलोच्या आसपासचं. पहाटे पुळणीवर फिरणाऱ्या आपल्या पोरांची काळजी वाटते ती याचसाठी. असं पाकीट दिसलं तर उचलू नका, फोडू नका. जागा लक्षात ठेवा आणि ११२ ला फोन लावा.