आवाज पोचतो तिथवर

(दृश्य : माळ्यावरून काढलेला धुळकट मोडेम, म्हणजे फोनच्या तारेवरून नेट लावायचं डबडं. मागं आवाज : टूं... किर्रर्र... खर्रर्र...)

ओळखलात? मग तुम्ही चाळिशीच्या आसपासचे. दहावी-बारावीचा निकाल राजारामपुरीतल्या नाहीतर महाद्वार रोडवरच्या एखाद्या कॅफेत रांग लावून बघितलेले. पान ओळीओळीनं खाली उतरायचं. आधी नाव, मग मराठी, मग इंग्रजी, आणि नेमकं गणितावर येऊन लाईन कट! पोरगं घामाघूम, बाप मालकावर खेकसतोय, मालक गुमान परत नंबर फिरवतोय.

घरी तर फोन एकच. नेट लावलं की फोन एंगेज. इचलकरंजीची आत्या दुपारभर नंबर फिरवून दमली आणि संध्याकाळी एसटीनं थेट दारात. "फोन लागंना, म्हटलं काय झालं की काय!"

कोल्हापुरात हा आवाज थांबून जमाना झाला. अमेरिकेत मात्र एओएल या कंपनीनं आपली डायल-अप सेवा, म्हणजे हेच फोनचा नंबर फिरवून लागणारं नेट, बंद केली ती ३० सप्टेंबर २०२५ ला. २०२३ च्या तिथल्या सरकारी पाहणीत फक्त डायल-अपवर असलेली घरं होती सुमारे १ लाख ६३ हजार. २०११ च्या जनगणनेत आपलं शहर साडेपाच लाख माणसांचं. म्हणजे अख्ख्या कोल्हापूर शहरातल्या घरांपेक्षा जास्त घरं, तीसुद्धा अमेरिकेत!

(दृश्य : गगनबावड्याचा घाट, धुकं, रस्त्याकडेला वाकलेला टेलिफोनचा खांब.)

एवढी घरं जुन्या नेटवर का राहिली, ते कळायला अमेरिकेत जायला नको. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, इथल्या डोंगरातले धनगरवाडे बघा. वस्ती पाच-सहा घरांची, मधे ओढा, जंगल, पावसात खचणारी वाट. तेवढ्या घरांसाठी चार-पाच किलोमीटर चर खणून केबल टाकायची, तर ते पैसे वसूल कधी व्हायचे? कंपनी इथली असो नाहीतर तिथली, हिशोब हाच. तिकडच्या आडबाजूच्या घरांत केबल आली नाही, दरीत मोबाईलची रेंज नाही, उपग्रहाचं नेट महाग. टेलिफोनची तांब्याची तार मात्र केव्हाचीच भिंतीपर्यंत आलेली.

आणि या तारेचा एक गुण आहे. डायल-अपचा मोडेम संगणकाच्या माहितीचे सूर करतो आणि फोनवर बोलल्यासारखे पाठवतो. तो किर्रर्र आवाज म्हणजे दोन मोडेमची ओळखपाळख. त्यामुळं जिथं बोलणं ऐकू जातं, तिथं नेट पोचतं. याच तारेवर पुढं ब्रॉडबँड आलं, पण त्याचा दम एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरमध्येच संपतो. त्यापलीकडच्या घराला जुनंच बरं.

वेग? सेकंदाला फार तर ५६ किलोबिट. मोबाईलवरचा ५ एमबीचा एक फोटो उतरायला चांगली १२ मिनिटं, तीही लाईन धड असेल तर. तेवढ्यात खासबागेत भेळ खाऊन होते.

पण सगळ्यांना फोटोच कुठं हवा असतो?

(दृश्य : वारणानगर. उसानं भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या.)

१९९८. तात्यासाहेब कोरेंनी उभ्या केलेल्या वारणेच्या सहकारात एक धाडसी प्रयोग सुरू झाला. आजूबाजूची ७० गावं संगणकानं जोडायची. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा, तिघांचा पैसा. अनेक शहरी घरांत नेट नव्हतं, तेव्हा इथं गावातल्या केंद्रात संगणक आला. बेत मोठा होता : बाजारभाव, पिकांचा सल्ला, सरकारी दाखले. शेतकरी विचारायचा एवढंच : माझ्या उसाचं टनेज किती भरलं, आणि बिल कधी जमा होणार?

पुढं २००७ च्या सुमाराला मायक्रोसॉफ्टच्या भारतातल्या संशोधकांनी सात गावांत हे काम संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या एसएमएसवर चालवून बघितलं. चाललं की! उसाचं वजन म्हणजे चार-पाच आकडे. त्याला कितीसा वेग लागतो? गरज एवढीच असली तर हळू नेटवर माणसं का टिकतात, ते मला तिथं जरा उमगलं. पेन्शन जमा झाली का, मुलाची ईमेल आली का, एवढंच बघणाऱ्याला ५६ किलोबिट पुरतं. पत्ता बदलायचा, नवं डबडं शिकायचं, जादा बिल भरायचं, हे सगळं कशापायी?

(दृश्य : करवीर तालुक्यातलं एक घर. सोप्यात जुना लँडलाईन फोन, वर विणलेला रुमाल.)

नातू फोरजीवर रील बघतोय. आजोबांच्या बटणाच्या फोनवर मेसेज वाजतो. कपाळावरचा चष्मा खाली ओढतात, फोन हातभर लांब धरतात आणि तरी दिसत नाही म्हणून नातवापुढं करतात.

"बघ रं, किती भरला?"

"साडेचौदा टन."

आजोबा बोटांवर काहीतरी मोजतात.

"ट्रॉली तीच, टोळी तीच. मग मागल्या खेपेला तेराच कसा?"