टेकलं की नाही टेकलं?

नमस्कार श्रोतेहो.

वादळ येणार म्हटलं की आपण काय करतो? दोरीवरचे कपडे काढतो, खिडक्या लावून घेतो आणि मोबाइल चार्जिंगला लावतो, कारण लाइट जाणार हे ठरलेलंच. पण अमेरिकेत ओक्लाहोमा, कॅन्सस, टेक्सास या पट्ट्यात अशी माणसं आहेत, की वादळाची वर्दी आली की गाडीची टाकी फुल्ल करतात आणि वादळाच्याच दिशेनं सुटतात. त्यातल्या बहुतेकांना कुणी पगार देत नाही. स्वतःच्या खिशातून पेट्रोल जाळतात, रजा टाकतात, बायकोची बोलणी खातात. आमच्या कोल्हापुरात याला एकच शब्द आहे. नाद.

आणि जिथं नाद आला, तिथं ‘माझा नाद खरा, तुझा खोटा’ हेही आलंच. आजचं बोलणं त्या भांडणाबद्दल आहे. त्यात माझ्या चष्म्याचा एक किस्सा आहे. तो सांगितल्याशिवाय मी काही माइक सोडत नाही.

आधी एक तक्रार. परदेशात टोर्नेडो झाला की आपल्याकडे बातमीत सरसकट ‘चक्रीवादळ’ म्हणतात. अहो, चक्रीवादळ समुद्रावरून येतं, शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं, किनाऱ्याला लागायच्या आधी त्याचं बारसंसुद्धा झालेलं असतं. टोर्नेडो म्हणजे गडगडाटी ढगातून जमिनीवर उतरलेली सोंड. बऱ्याचदा दहा-पंधरा मिनिटांत खेळ खलास. उन्हाळ्यात एसटी स्टँडच्या आवारात पाचोळा आणि फाटकी तिकिटं गरगर फिरतात, ती आपली वावटळ. ती निराळीच, ती जमिनीवरून वर उठते. विश्वकोशात टोर्नेडोला ‘घूर्णवाती वादळ’ असा शब्द आहे. माइकसमोर तो तीनदा भरभर म्हणून दाखवा, मी चहा पाजतो. तेव्हा आपण टोर्नेडोच म्हणू.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ढगाखाली सोंड नुसती लोंबत असेल, तर तो टोर्नेडो नव्हे. भोवरा जमिनीला टेकला, तरच टोर्नेडो. टेकला तरच.

आता या नादाचा थोडा इतिहास. डेव्हिड होडली नावाच्या गृहस्थांनी 1956 साली, नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्क गावात असताना, वादळांच्या मागं जायला सुरुवात केली. ना मोबाइल, ना गाडीत रडार. 1977 मध्ये त्यांनी या नादिष्टांसाठी ‘स्टॉर्म ट्रॅक’ नावाचं छोटं नियतकालिक काढलं. मधल्या काळात 24 मे 1973 रोजी ओक्लाहोमातल्या युनियन सिटीत टोर्नेडो झाला. विद्यापीठाची आणि सरकारी प्रयोगशाळेची माणसं त्याचं चित्रण करत होती, आणि तिकडे ढगातल्या वाऱ्याचा वेग मोजणारं डॉपलर रडारही त्याच्यावर रोखलेलं होतं. जन्मापासून विरून जाईपर्यंत असा दोन्हीकडून टिपलेला तो पहिला टोर्नेडो. मग 1996 साली या विषयावर हॉलिवूडचा एक सिनेमा आला, तुफान चालला, आणि गर्दी वाढली. जुनी मंडळी आजही ‘सिनेमाच्या आधीचे’ आणि ‘सिनेमाच्या नंतरचे’ अशी माणसं मोजतात. आधीच्यांना मान, नंतरच्यांना नाकं मुरडणं. पुढे हातातल्या फोनवर रडार दिसायला लागलं, तेव्हा नाकं मुरडायला आणखी एक पिढी मिळाली.

आता यांच्यातली उतरंड कशी असते ते ऐका. नकाशे वाचून सकाळीच जागा हेरणारा माणूस फोन बघत फिरणाऱ्याला हिणवतो. शास्त्रज्ञ हौशी माणसाला हिणवतो. हौशी माणूस टीव्हीला व्हिडिओ विकणाऱ्याला हिणवतो. आणि पर्यटकांना गाडीत भरून वादळ दाखवणाऱ्यांना सगळे मिळून हिणवतात. बेफाम गाडी मारणाऱ्यासाठी त्यांच्यात ‘याहू’ अशी शिवी आहे. गंमत अशी, की मी याहू आहे असं म्हणणारा अजून कुणी भेटलेला नाही. सुरक्षित अंतर किती, असं विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर तो स्वतः उभा असतो तिथपर्यंतच येतं. त्याच्या पुढं गेलेला वेडा, मागं राहिलेला भित्रा.

हे हसण्यावारी नेण्यासारखं असतं, तर बरं झालं असतं. 31 मे 2013. ओक्लाहोमातलं एल रिनो गाव. त्या संध्याकाळी जो टोर्नेडो उतरला, तो 4.2 किलोमीटर रुंद होता. नोंद झालेल्यांमधला सर्वांत रुंद. पुन्हा सांगतो, लांब नव्हे, रुंद. 4.2 किलोमीटर. त्यानं वेग बदलला, दिशा बदलली आणि एक छोटी पांढरी गाडी गाठली. तिच्यात टिम समारस, त्यांचा 24 वर्षांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग होते. तिघेही गेले. समारस म्हणजे कुणी याहू नव्हे. कॉलेजची पदवी नसलेला, स्वतःच्या हिमतीवर शिकलेला इंजिनिअर. 2003 साली साउथ डकोटात मँचेस्टर गावाजवळ टोर्नेडोच्या वाटेत स्वतः बनवलेलं यंत्र ठेवून यानं हवेचा दाब 100 मिलिबारनं कोसळल्याची नोंद मिळवली होती. सगळ्यांत सावध माणूस कोण, असं विचारलं तर बरेच जण यांचंच नाव घेत. त्यामुळं ‘सावध आम्ही, बेफाम ते’ या हिशेबालाच तडा गेला.

या मंडळींची एक व्यवस्था आहे. कोण कुठं उभा आहे, ते नकाशावर ठिपक्यानं दिसतं. समारस गेल्यानंतर एकमेकांची उणीदुणी काढणाऱ्या या लोकांनी आपापले ठिपके असे हलवले, की नकाशावर त्या तिघांची आद्याक्षरं उमटली. टी एस. पी एस. सी वाय. नुसते ठिपके, श्रोतेहो.

बरं. आता माझा किस्सा.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. तेहतीस वर्षं. निवृत्तीनंतर एका उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे गेलो. ती राहते ओक्लाहोमातल्या नॉर्मनला, म्हणजे हवामानवाल्यांच्या पंढरीतच. तिचे शेजारी सत्तरी ओलांडलेले, आणि नाद हाच. गाडीच्या बॉनेटवर गारांचे इतके पोचे, की लांबून ते तांबटानं ठोकून काढलेलं पातेलं वाटावं. पोचे दुरुस्त करायचे नसतात. ती पदकं असतात. चहा मात्र त्यांच्याकडे मिळत नाही. कोमट पाण्यात दोरीची पुडी बुडवतात. मी त्यावर बोलायला लागलो तर वेळ पुरायचा नाही.

एका सकाळी ते म्हणाले, “येताय?” आमची ही म्हणाली, “जा, पण बॉडी कोल्हापूरला पाठवायला किती पैसे पडतात ते आधी विचारून घ्या.” मी गेलो.

निघण्याआधी त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून रंगीत पेन्सिलींनी रेघा ओढल्या. दमट हवा इथवर, कोरडी हवा तिथून, आज जमलं तर या पट्ट्यात जमेल. मग पश्चिमेचा हायवे धरला. वाटेत एल रिनोला आत वळले. रॉयटर रोड आणि रेडिओ रोड यांच्या कोपऱ्याला त्या तिघांचं छोटंसं स्मारक आहे. हो, रस्त्याचं नावच रेडिओ रोड. शेजाऱ्यांनी टोपी काढली, उगवलेलं थोडं गवत उपटलं, परत गाडीत बसले. एक अक्षर बोलले नाहीत.

एल्क सिटीच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर थांबलो आणि मला यात्रेची आठवण झाली. आषाढीला पंढरपूरच्या तात्पुरत्या स्टँडवर गाड्या लावतात ना, तशा गाड्या. फरक एवढाच, की तिथं शिट्टी मारायला कुणी कंट्रोलर नव्हता. कुणाच्या टपावर फिरणारं पवनयंत्र, कुणाच्या काचेवर गारांसाठी जाळी. गाडी कशी लावावी याचं भान शून्य. तोंड बाहेर करून लावावी, निघताना वेळ मोडत नाही. हे आमच्याकडे नवशिक्या ड्रायव्हरला पहिल्या आठवड्यात कळतं. तीन गाड्या तर डिझेलच्या पंपासमोर आडव्या. माझा हात शिट्टीसाठी खिशाकडे गेला होता.

एका पोराच्या गाडीवर पिवळे दिवे लुकलुकत होते. फोन काचेला लावून तो जगाशी बोलत होता. शेजारी पुटपुटले, “दिवे लावून काय होतं? हा ॲम्ब्युलन्स आहे का?”

दुपारचे तीन, चार, साडेचार वाजले. हवा रत्नागिरीच्या मे महिन्यासारखी चिकट. पांढरे ढग वर येत, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुगत आणि विरत. शेजारी म्हणाले, वर गरम हवेचं झाकण बसलंय, वाफ कोंडलीय, पण झाकण उडेना. झाकण उडालं नाही तर दिवस फुकट. याला ते ‘बस्ट’ म्हणतात. माणसाला काम नसलं की तो काय करतो? बरोबर. जुनं उकरून काढतो.

दुकानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात हिरव्या टोपीवाले एक आजोबा कॉफी पीत बसले होते. ते आणि आमचे शेजारी एकमेकांकडे बघत नव्हते. पण असे बघत नव्हते, की ते बघत नाहीत हे साऱ्या दुकानाला दिसावं. पिवळ्या दिव्यांच्या पोरानं टोपीवाल्यांना अदबीनं विचारलं, “तुम्ही पहिला टोर्नेडो कधी पाहिलात?” त्यांनी साल सांगितलं, गाव सांगितलं. आणि आमच्या टेबलावरून, पाठ न वळवता, शेजारी म्हणाले, “तो टेकला नव्हता.”

दुकान गप्प.

टोपीवाले उठले, गाडीकडे गेले आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात जपलेला एक फोटो घेऊन आले. तेव्हा हे दोघं एकाच गाडीत होते म्हणे, जिवलग दोस्त. एकाच कुंपणाला टेकून दोघांनी तो ढग पाहिला. एक म्हणाला टेकला, दुसरा म्हणाला लोंबला. तेव्हापासून गाड्या वेगळ्या.

श्रोतेहो, माझ्या डोळ्यांपुढं खासबाग मैदान उभं राहिलं. पाठ लागली की नाही लागली, एवढ्यावरून दोन तालमींची माणसं जन्मभर एकमेकांच्या दारात जात नाहीत. इथं पाठीच्या जागी ढग, एवढंच.

दहा-पंधरा जणांचं कोंडाळं झालं. निम्मे म्हणाले टेकला, निम्मे म्हणाले नाही. मग कुणाला तरी मी दिसलो. “हे इंडियातून आलेत. यांचं कुणाशी देणं-घेणं नाही. यांना विचारा.” पंच! फोटो माझ्या हातात. एका बाजूला टोपीवाले, दुसऱ्या बाजूला शेजारी. त्यांच्याच गाडीतून मला घरी जायचं होतं, हे विसरू नका.

फोटोत गव्हाचं शेत, तारांचे खांब आणि राखाडी सोंड. हात लांब धरला की मला चष्म्याशिवायही बऱ्यापैकी दिसतं. सोंड खाली येत येत नेमकी एका धान्याच्या कोठारामागं गेली होती. टेकली असेल तर कोठारामागं, नसेल तर तेही कोठारामागंच. इतकी वर्षं ही दोन माणसं त्या कोठारावरून भांडत होती.

मी शर्टाचा खिसा चाचपला आणि म्हणालो, “माफ करा, चष्मा घरीच राहिला.”

सगळे हसले, कोंडाळं मोडलं. टोपीवाल्यांनी फोटो पुसून परत पाकिटात ठेवला. झाकण काही उडालं नाही. साडेसातला निरभ्र आकाशात, लख्ख उन्हात सगळे परत फिरले. पिवळ्या दिव्यांच्या पोरानं जाताना आमची काच पुसून दिली. शेजाऱ्यांनी थँक्यू म्हटलं, पण पुटपुटतच.

अंधार पडता पडता ते मला म्हणाले, “चष्मा नसला तरी तुम्हाला काहीतरी दिसलंच असेल.”

मी म्हटलं, “कोठार दिसलं.”

“हं,” म्हणाले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. लेकीचा मेसेज. मी सवयीनं पँटच्या खिशातून चष्मा काढला, डोळ्याला लावला आणि मोठ्यानं वाचला, “बाबा, जेवायला थांबू का?”

शेजाऱ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग रस्त्याकडे. एल रिनो मागं पडेपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

नमस्कार.