१४७ नंबरचा फोटो कुठाय?

(दृश्य: चाळीतली खोली, उंबऱ्याबाहेरून)

दहा बाय बाराची खोली. एका भिंतीला कपाट, कोपऱ्यात मोरी, मध्ये आडवं पडलेलं स्टूल. फरशीवर लाल डाग. घाबरू नका, रंग आहे तो. गुन्ह्याच्या जागेचे फोटो कसे काढतात, त्याच्या सरावासाठी आम्ही ही खोली मांडली आहे. खऱ्या घटनास्थळी आपल्याला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, आणि घेऊही नये.

फोटोग्राफर अजून बाहेरच आहे. वहीत वेळ लिहितो, कॅमेऱ्यातलं घड्याळ त्याच्याशी ताडून बघतो. ते दहा मिनिटं पुढे असलं, तर पंचनाम्यातली वेळ एक आणि फोटोवरची दुसरी. आरोपीच्या वकिलाला तेवढं पुरतं.

जुलै महिना. गाडीतल्या एसीतून बाहेर आल्याबरोबर लेन्सवर वाफ धरते. पुसली की पुन्हा धरते. थांबण्याला इलाज नाही. तोवर गॅलरीत अख्खी चाळ जमा.

(दृश्य: खोलीचे चार कोपरे, एकामागून एक)

काहीही हलवण्याआधी फोटो. आधी लांबून, चारही कोपऱ्यांतून. मग मधल्या अंतरावरून: डाग आणि कपाट एकाच चौकटीत, म्हणजे कुठलं कुठे होतं ते कळतं. शेवटी अगदी जवळून, तोही दोनदा. एकदा शेजारी मोजपट्टी न ठेवता, एकदा ठेवून. नुसत्या पट्टीवाल्या फोटोवर प्रश्न येतो, पट्टीखाली काय झाकलंत?

मुंबईत खरी पंचाईत जागेची. मागे सरकावं तर पाठ मोरीच्या कठड्याला टेकते. मग वाइड लेन्स लावायचा मोह होतो. पण तिच्यात दहा फुटांची खोली हॉलसारखी दिसते आणि अंतरं खोटी पडतात. फ्लॅट विकणाऱ्यांना ते चालतं, कोर्टात चालत नाही. त्यापेक्षा साध्या लेन्सने, एकाची कड दुसऱ्यात येईल असे दोन-तीन फोटो जास्त काढलेले बरे.

(दृश्य: पलंगाखालची फरशी)

आता वाका. पलंगाखालच्या धुळीत बुटाचा ठसा आहे. वरून फ्लॅश मारला की गायब! म्हणून खोलीतला दिवा बंद, कॅमेरा ट्रायपॉडवर, फरशीला अगदी समांतर. कॅमेरा तिरका राहिला तर ठशाचं मापच चुकतं. शेजारी एल आकाराची पट्टी. मग सहकारी टॉर्च जवळजवळ फरशीला टेकवून धरतो. धुळीच्या प्रत्येक कडेची सावली पडते आणि तळव्याची नक्षी वर येते. टॉर्च दुसऱ्या बाजूला नेला की आधी न दिसलेल्या रेघा दिसतात. इथे तसंच झालं: टाचेच्या बाहेरच्या कडेला एक तिरका काप. या नक्षीचे बूट बाजारात ढिगाने मिळतील. पण काचेवर पाय पडून नेमका तिथेच कापलेला बूट शोधावा लागेल.

पुसून टाकलेल्या रक्तासाठी ल्युमिनॉल नावाचं रसायन फवारतात. निळसर उजेड येतो, तो थोडाच वेळ टिकतो, आणि त्यासाठी मिट्ट काळोख लागतो. मुंबईत काळोख आणायचा कुठून? खिडकीला काळं कापड लावलं तरी रस्त्यावरचा दिवा फटीतून आत येतोच. शिवाय ब्लीचनेही ल्युमिनॉल चमकतं. त्यामुळे चमकलं म्हणजे रक्तच असं नाही. नमुना कलिनाच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो, तिथे ठरतं.

(दृश्य: सीएसएमटी, रात्र)

फोटो एकटा कोर्टात जात नाही, काढणाऱ्यालाही बोलावणं येतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री या स्थानकात कसाबचा फोटो काढला वृत्तपत्र छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसोझा यांनी. तो पुरावा झाला आणि पुढे त्यांनी विशेष न्यायालयात साक्षही दिली. त्यांच्यासमोर गुन्हा घडत होता. आपला फोटोग्राफर सगळं संपल्यावर येतो. त्याच्या फोटोत बहुधा चेहराच नसतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी तपास आणि खटल्यांची पद्धत ठरवणारा कायदा, लागू आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आणि चित्रीकरण करवून घ्यायचं, असं ती सांगते. हे सर्वत्र सुरू करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. सोबतच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातलं कलम ६३ इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी प्रमाणपत्र मागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला आकडा, लिहावी लागते. फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी हा आकडा पार बदलतो. प्रमाणपत्राचा आग्रह जुनाच आहे. जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात, मूळ उपकरण समोर नसेल तर प्रमाणपत्र हवंच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं.

आणि फोटो व्हॉट्सॲपवरून साहेबांना पाठवला की? मूळ फाइल कार्डात राहते, साहेबांकडे पोचते ती दाबून लहान केलेली प्रत. तिचा हॅशचा आकडा मूळ फाइलशी जुळत नाही.

(दृश्य: कॅमेऱ्याचा पडदा, वही)

काम आटोपलं. फोटोग्राफर एकेक फोटो वहीशी जुळवतो. १४६ बुटाचा ठसा, टॉर्च डावीकडून. १४८ तोच, टॉर्च उजवीकडून. मधला ट्रायपॉड सरकवताना बटण दाबलं जाऊन आलेला: अर्धा पडदा, अर्धा त्याचाच गुडघा, सगळं हललेलं. आपण केव्हाच डिलीट केला असता.

तो वहीत लिहितो, ‘१४७. चुकून. अस्पष्ट.’ आणि कार्ड पाकिटात घालून सील करतो.