खाटा मोजून काय कळतं?

मंडळी, आजचा विषय ‘साथ, रुग्णालयं आणि अर्थचक्र’ असा जाहीर झाला आहे. साथ चालू असताना व्यवहार केव्हा आणि कसे सुरू करावेत यावर मी बोलणार आहेच. पण त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. ती सांगितल्याशिवाय पुढचं सगळं अधांतरी राहील.

2020 मध्ये कोविडच्या साथीत टाळेबंदी उठवायची की नाही यावर जगभर झालेले वाद आठवा. एक बाजू म्हणायची, ‘खाटा रिकाम्या आहेत, उघडा.’ दुसरी म्हणायची, ‘खाटा भरत आल्यात, बंद ठेवा.’ दोघं हमरीतुमरीवर यायचे, पण दोघांच्या हातात आकडा एकच असायचा, खाटांचा. माझं भांडण त्या आकड्याशी आहे.

आता गोष्ट. 1952 सालचा उन्हाळा संपत आलेला. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन, आणि तिथलं ब्लेगडॅम हे संसर्गजन्य रोगांचं रुग्णालय. शहरात पोलिओची भयंकर साथ आलेली. पोलिओ म्हटलं की आपल्याला लुळे पडलेले पाय आठवतात. या साथीत पुष्कळ जणांचे श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायूच निकामी होत होते. रुग्णालयाकडे ‘लोखंडी फुफ्फुस’ म्हणतात ती अवाढव्य पेटी एक होती, आणि छातीला बांधायची छोटी यंत्रं सहा. श्वास बंद पडलेल्या पहिल्या 31 रुग्णांपैकी 27 जण तीन दिवसांच्या आत गेले. त्यांत बरीचशी मुलं होती.

प्रमुख डॉक्टर होते लासेन. त्यांनी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावलं. भूलतज्ज्ञाचं काम शस्त्रक्रियेच्या खोलीतलं; तापाच्या वॉर्डात त्याला कोण विचारणार? पण दुसऱ्याच्या खोलीत डोकावणाऱ्यांनी वैद्यकात फार मोठी कामं केली आहेत, याचा मला फार आनंद वाटतो. असो. 27 ऑगस्टला एका बारा वर्षांच्या मुलीवर प्रयोग झाला. घशाला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घातली, नळीला रबरी पिशवी जोडली आणि हातानं ती पिशवी दाबत राहिले. दाबली की हवा आत, सोडली की बाहेर. मुलगी वाचली.

उपाय सापडला, आणि खरा प्रश्न तिथून सुरू झाला. पिशवी दाबायची किती वेळ? रुग्णाचे स्नायू पुन्हा काम करू लागेपर्यंत. म्हणजे रात्रंदिवस, कित्येक आठवडे. एका वेळी सत्तरपर्यंत रुग्ण असे होते. मग वैद्यकीच्या आणि दंतवैद्यकीच्या विद्यार्थ्यांना बोलावलं. सुमारे 1500 विद्यार्थी पाळ्यापाळ्यांनी येऊन रुग्णांच्या उशाशी बसले आणि हातानं त्यांना श्वास देत राहिले. सगळ्यांचे मिळून 1,65,000 तास भरले! मृत्यूचं प्रमाण सुमारे 87 टक्के होतं, ते साथ ओसरेपर्यंत 25 टक्क्यांच्या आसपास आलं. पुढच्या वर्षी इब्सेननी त्याच शहरातल्या दुसऱ्या रुग्णालयात अतिदक्षता विभाग सुरू केला. आजच्या अतिदक्षता विभागांचं मूळ तिथे आहे.

आता सांगा, ब्लेगडॅमची क्षमता किती होती? यंत्रं मोजली तर सात. खाटा मोजल्या तर शेकडो. खरी क्षमता ठरली ती पाळीला येऊन बसणाऱ्या तरुण मुलामुलींच्या संख्येवर.

आणि 2020 मध्ये आपण पुन्हा खाटाच मोजत बसलो. लंडनमध्ये एका भव्य प्रदर्शन केंद्रात नाइटिंगेल रुग्णालय उभं राहिलं. 3 एप्रिलला उद्घाटन, 4000 खाटांची योजना. पहिल्या लाटेत तिथे उपचार झाले 54 रुग्णांवर. जुन्या रुग्णालयांनी आपापले अतिदक्षता विभाग वाढवून बराच भार पेलला हे खरं, पण नव्या ठिकाणी प्रशिक्षित परिचारिका पुरेशा नव्हत्या हेही तितकंच खरं. वूहानचं हुओशेनशान रुग्णालय दहा दिवसांत बांधलं, त्या क्रेन आणि जेसीबी आपण सगळ्यांनी पडद्यावर पाहिले. त्या हजार खाटांसाठी 1400 लष्करी वैद्यकीय कर्मचारी धाडले होते, ते किती जणांच्या लक्षात आहे? वूहान ज्या हूबेई प्रांतात आहे, तिथे एकूण बाहेरून 42,000 हून अधिक आरोग्य कर्मचारी गेले. ते जाऊ शकले, कारण बाकीच्या प्रांतांत त्या वेळी तेवढी लाट नव्हती. लाट सगळीकडे एकदम आली तर कुणाला कुठून बोलावणार?

साधा हिशेब करा. आठवड्याचे तास 168. एक परिचारिका आठवड्याला 40 तास काम करते. अतिदक्षता विभागातल्या एका खाटेजवळ चोवीस तास एक परिचारिका हवी असेल, तर रजा-आजारपण धरून एका खाटेमागे पाच जणी लागतात. साथीत त्याही आजारी पडतात. त्यांना घडवायला वर्षं लागतात. खाट तर कारखान्यात दिवसात तयार होते.

आता एक कोडं घालतो, आणि वही-पेन बाहेर काढायचं नाही. अतिदक्षता विभागात 200 खाटा आहेत, 100 भरल्या आहेत. रुग्ण दर चार दिवसांनी दुप्पट होतायत. सरकारनं कंबर कसली आणि आणखी 200 खाटा, माणसांसकट, उभ्या केल्या. किती वेळ मिळाला? मागून कुणी म्हणालं, महिना? कुणी पंधरा दिवस? (हशा) चार दिवस, मंडळी. चार दिवसांत 200 भरल्या, आणखी चारांत 400. एवढा आटापिटा, आणि हाती चार दिवस! पण रुग्ण दुप्पट व्हायला चाराऐवजी बारा दिवस लागू लागले, तर नवी एकही खाट न घालता तुमचा वेळ तिप्पट होतो. आग लागल्यावर बादल्या वाढवायच्या की चूल विझवायची, एवढाच हा प्रश्न आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं उरलीत म्हणतात, आणि मी मूळ विषयाला आत्ता हात घालतोय. तर आता भराभर सांगतो.

‘खाटा रिकाम्या आहेत, म्हणून उघडा’ यातली गफलत अशी की भरलेली खाट साधारण दोन आठवड्यांपूर्वीचा संसर्ग दाखवते. आज व्यवहार उघडले तर त्याचा परिणाम रुग्णालयात दिसायला दोन आठवडे, अतिदक्षता विभागात दिसायला आणखी काही दिवस. म्हणून एक पाऊल टाकलं की थांबून पाहायचं. सगळं एकदम उघडलं, तर कशानं बिघडलं तेच कळत नाही. जर्मनीनं मे 2020 मध्ये ठरवलं, की जिल्ह्यात सात दिवसांत लाखामागे 50 हून जास्त नवे रुग्ण सापडले तर पुन्हा निर्बंध. आकडा 50 असावा की आणखी काही, यावर वाद घालू. पण आकडा आधी जाहीर होता, हे मला फार मोलाचं वाटतं. दुकानदाराला, शाळेला, कामगाराला तयारी करता येते.

‘उघडा’ म्हणणाऱ्यांचा दुसरा मुद्दा असा, की टाळेबंदीनं अर्थव्यवस्था मेली. टाळेबंदीनं हातावर पोट असलेल्यांचे हाल झाले, ते मला कुणी सांगायला नको. पण आकडे काय म्हणतात? शिकागोचे अर्थतज्ज्ञ गुल्सबी आणि सिव्हर्सन यांनी मोबाइलच्या नोंदींवरून पाहिलं, की अमेरिकेत ग्राहकांची वर्दळ 60 टक्क्यांनी घटली आणि त्या साठातली सरकारी आदेशांमुळे झालेली घट होती जेमतेम 7. बाकीचे लोक भीतीनं आपण होऊन घरी बसले होते. डेन्मार्कनं दारं बंद केली, स्वीडननं बरीचशी उघडी ठेवली; पहिल्या आठवड्यांत डेन्मार्कमध्ये खर्च 29 टक्क्यांनी घटला, स्वीडनमध्येही 25 टक्क्यांनी. साथ आटोक्यात नसेल तर दुकान उघडूनही गिऱ्हाईक येत नाही. रुग्णालय आणि बाजार यांना एकमेकांचे शत्रू ठरवून वर्षभर भांडलो, ते भांडणच चुकीच्या जागी होतं.

एक मुद्दा राहिला. क्षमता खाट न वाढवताही वाढते. रोजचे दाखल रुग्ण गुणिले सरासरी मुक्काम म्हणजे लागणाऱ्या खाटा. जून 2020 मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ या कोविडवरच्या औषध-चाचणीत डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधानं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू एक तृतीयांशानं कमी झाले, आणि मुक्काम 13 दिवसांवरून 12 वर आला. एका दिवसानं शंभर खाटांमागे सात-आठ मोकळ्या होतात.

म्हणून पुढच्या वेळी रोज संध्याकाळी तीन आकडे जाहीर व्हावेत, अशी माझी मागणी आहे. माणसं नेमलेल्या किती खाटा चालू आहेत, आज किती रुग्ण दाखल झाले, आणि साथीमुळे इतर किती शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. तिसरा आकडा कुठेच धड दिसला नाही. कर्करोगाची, हृदयाची, सांध्यांची माणसं महिनोन् महिने थांबली, आणि ‘खाट रिकामी’ या हिशेबात त्यांच्यासाठी ठेवलेली खाटसुद्धा रिकामीच धरली गेली. अध्यक्ष उभे राहिले आहेत. प्रश्न विचारा, मी थांबलो आहे.